बालमनाची सेवा आणि संस्थेची धुरा

संस्था काढणें सोपें, ती चालविणें कठीण, आणि आपल्या पश्चात् चालेल अशी ठेवून जाणें त्याहूनही कठीण, हें महाराष्ट्रास अनुभवानें ठाऊक आहे. ज्या संस्था टिकल्या त्यांच्या इतिहासांत बहुधा एक गोष्ट आढळते. ज्यांच्यासाठीं संस्था निघाली त्यांच्यांतूनच पुढें तिचे चालक तयार झाले. आमच्या जिल्ह्यांतील मुरुडच्या अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा; त्या आश्रमांत शिकल्या आणि पुढें त्याच आश्रमाची झोळी घेऊन थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. शाळेचे माजी विद्यार्थी शाळेच्या नियामक मंडळावर येतात, ग्रंथालयाचे वाचक ग्रंथालयाचे कार्यवाह होतात. संस्थेचें कोठें चुकत असेल तर तें सांगणारें तोंड संस्थेंतच असतें.

तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठीं काढलेल्या संस्थेंत हें तोंड नसतें. बालक वार्षिक सभेस येत नाहीं, मत देत नाहीं, वर्तमानपत्रांत पत्र लिहीत नाहीं. बाई ओरडल्या, अंधाऱ्या खोलींत कोंडीन म्हणाल्या, तर तें रात्रीं अंथरूण ओलें करतें, बोलतांना अडखळूं लागतें, किंवा अगदीं गप्प बसतें. आणि गप्प बसलें म्हणजे घरचीं माणसें म्हणतात, ‘शाळेंत जाऊं लागल्यापासून किती शहाणें झालें!’ सहाव्या वर्षीं तें तेथून बाहेर पडतें, आणि थोरपणीं त्यास त्यांतलें फारसें कांहीं आठवत नाहीं. देणगीदार बोलतो, पालक बोलतो, सरकारी तपासनीस बोलतो; ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप तें मात्र मुकें. अशा संस्थेची धुरा ज्याच्या खांद्यावर असेल त्यानें कोणाच्या तोंडाकडे पाहून पाऊल टाकावें?

या प्रश्नाचें उत्तर एका मराठी बाईंच्या चरित्रांत जितकें स्पष्ट सांपडतें तितकें मला दुसरीकडे आढळलें नाहीं. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक, आणि त्यांची संस्था म्हणजे १९२६ सालीं स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ. आज बालविकासाच्या नांवानें गल्लोगल्लीं शिशुशाळा निघत आहेत, मानसिक आरोग्यावर व्याख्यानें होत आहेत, आणि आपल्यापैकीं अनेक सेवानिवृत्त गृहस्थ व गृहिणी अशा संस्थांच्या कमिट्यांवर बसत आहेत. त्यांनीं हें चरित्र एकवार बारकाईनें पाहावें, या हेतूनें हें लिहीत आहें.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १८९२ सालचा. घर प्रार्थनासमाजाच्या वळणाचें, त्यामुळें मुलींस शिकवावें कीं शिकवूं नये हा वाद त्या घरांत नव्हता. १९१४ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर अमरावतीस गेल्या. परंतु संसार सुखाचा झाला नाहीं, आणि लहान मुलीस घेऊन त्यांस स्वतंत्र वाट धरावी लागली. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजाचें प्रमुखपद त्यांजकडे आलें. त्या काळीं एका हिंदी स्त्रीस ही जागा म्हणजे केवढा मान! तो मान सोडून १९२३ सालीं त्या भावनगरास गेल्या आणि गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत दाखल झाल्या. आपल्या घरांतील एखादी पदवीधर लेक कॉलेजांतील जागा सोडून ‘मी बालवर्गाची बाई होतें’ असें म्हणूं लागली, तर आपल्या माजघरांत काय बोलणें होईल, याची वाचकांनीं कल्पना करून पाहावी.

गिजुभाई हे व्यवसायानें वकील. भावनगरास नानाभाई भट्ट यांनीं १९१० सालीं दक्षिणामूर्ति ही संस्था स्थापिली होती. वकिली सोडून गिजुभाई तेथें आले आणि १९२० सालीं त्यांनीं बालमंदिर सुरू केलें. रोम शहरांतील एका गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी या वैद्यक शिकलेल्या बाईंनीं १९०७ सालीं ‘बालगृह’ उघडून जी पद्धति सिद्ध केली होती, ती गिजुभाईंनीं ग्रंथांवरून आत्मसात् केली आणि काठेवाडच्या मातींत लावली. मुलांच्या घोळक्यांत बसून ते गोष्टी सांगत, नाटकें रचीत. गुजराथी लोकांनीं त्यांस ‘मिशाळ आई’ हें लाडकें नांव दिलें होतें. ताराबाई व गिजुभाई या दोघांनीं मिळून संघ स्थापिला, ‘शिक्षणपत्रिका’ हें मासिक प्रथम गुजराथींत व पुढें मराठींतही चालविलें, आणि शिक्षकांबरोबर आईबापांसही शिकविण्याचें काम अंगावर घेतलें.

आज ज्यास आपण बालकांचें मानसिक आरोग्य म्हणतों, त्यास या मंडळींजवळ निराळें पारिभाषिक नांव नव्हतें. त्यांचा शब्द साधा होता : भय. मुलाच्या मनांतून भय काढा, मग तें आपोआप शिकूं लागेल, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. एवढ्यावर कोणी सुज्ञ मनुष्य वाद घालणार नाहीं. परंतु दुसरी गोष्ट ऐकतांच आमच्यासारखे मास्तर चमकतात. शिक्षा नको तसें बक्षीसही नको. छडी नको तसा पेढाही नको. पहिला-दुसरा नंबर तर मुळींच नको. कारण असें कीं, तीन वर्षांचें मूल सदऱ्याचें बटण वीस वेळां काढतें आणि वीस वेळां लावतें, तें कोणी शाबास म्हणावें म्हणून नव्हे. बोटांस तें साधूं लागलें आहे हाच त्याचा आनंद. त्यास एकदां शाबासकीची चटक लावली कीं त्याचें लक्ष बटणावरून उठतें आणि बाईंच्या चेहऱ्यावर जाऊन बसतें. तेथून पुढें तें आयुष्यभर कोणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहत राहतें. शाळेंत प्रत्येक उत्तराच्या शेवटीं ‘बरोबर ना, सर?’ असें विचारणारे हुशार विद्यार्थी मला वर्षानुवर्षें भेटले, आणि त्यांचें मूळ पहिलीच्याही आधींच्या वयांत असावें असें मला पुष्कळदां वाटलें आहे.

आपल्या परंपरेंत या वयाची काय व्यवस्था होती, हेंही पाहण्यासारखें आहे. जातकर्मापासून अन्नप्राशनापर्यंत पहिल्या वर्षांतच संस्कारांची दाटी आहे. बहुधा तिसऱ्या वर्षीं चौल होतें. त्यानंतर पांचव्या वर्षाच्या सुमारास अक्षरारंभ सोडला, तर आठव्या वर्षाच्या मुंजीपर्यंत शास्त्रकार बहुतेक मौन धरतात. हीं मधलीं वर्षें त्यांनीं आजीच्या मांडीस, अंगणास आणि भावंडांस सोडून दिलीं होतीं असें दिसतें. एकत्र कुटुंब आणि मोठें अंगण होतें तोंवर ही व्यवस्था बरी चालली. पांच वर्षें लाड करावे, पुढें दहा वर्षें बडगा दाखवावा आणि सोळावें लागतांच मित्र मानावें, या अर्थाचें सुभाषित सर्वांस पाठ आहे. पण त्यांतील बडग्याचा भाग तेवढा आपण उचलला आणि तोही पांचव्याच्या आधींच वापरूं लागलों. घरें लहान झालीं, अंगणें गेलीं, आजी गांवीं राहिली आणि नातवंडें ठाण्यास किंवा पुण्यास गेलीं. मौनाच्या त्या वर्षांत आतां कोणीतरी बोललें पाहिजे, म्हणून बालशाळा.

पाश्चात्त्य शास्त्रही याच वाटेनें आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन बोल्बी या इंग्रज मानसचिकित्सकानें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं १९५१ सालीं एक अहवाल लिहिला. पहिल्या कांहीं वर्षांत आईची, किंवा आईच्या जागीं असलेल्या माणसाची, अखंड माया मिळणें मनाच्या वाढीस अन्नाइतकेंच आवश्यक आहे, असें त्यांत प्रतिपादिलें होतें. मेंदूच्या एकंदर वाढीपैकीं ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वीं होते, हें विधान भारत सरकारच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत नमूद आहे. आमच्या रत्नागिरीस १८८६ सालापासून मनोरुग्णालय आहे. गांवांत त्याचें नांव थट्टेंत घेण्याची जुनी व वाईट खोड आहे. मनाचे सगळेच आजार बालपणांत उगवतात असें नाहीं. कित्येकांस आनुवंशिकता कारण, कित्येकांस शरीरांतील विकार. तरीपण जो समाज मोडलेल्या मनांसाठीं एकोणिसाव्या शतकांत इमारत बांधतो, त्यास कोंवळ्या मनांचें धोरण ठरविण्यास एकविसावें शतक उजाडावें लागतें, ही गोष्ट विचारांत पाडणारी आहे खरी.

आतां नेतृत्वाच्या मुद्द्याकडे येतों. १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला. तेथें शिक्षिका तयार होऊं लागल्या. १९३९ सालीं दोन गोष्टी घडल्या. जूनमध्यें गिजुभाई वारले. आणि त्याच वर्षीं स्वतः माँटेसोरीबाई हिंदुस्थानांत आल्या व युद्धामुळें कित्येक वर्षें येथेंच अडकून राहिल्या. पद्धतीची मूळ प्रवर्तक देशांत हजर, मद्रासेस तिचे शिक्षणवर्ग चालू, सर्वत्र तिच्या नांवाचा बोलबाला. इकडे संघाचा पहिला आधार गेलेला. अशा प्रसंगीं दुसरें कोणी असतें तर मूळ पीठाची सनद घेऊन, तीच साधनें मागवून, त्याच नांवाची पाटी लावून निर्धास्त झालें असतें. ताराबाईंचा माँटेसोरीबाईंविषयींचा आदर शेवटपर्यंत होता. परंतु पद्धति ही मुलासाठीं आहे, मूल पद्धतीसाठीं नाहीं, हें त्यांनीं मनाशीं पक्कें धरलें होतें. लाकडी दट्टे, रंगीत पट्ट्या, मापाचे मनोरे हीं साधनें सुंदर खरीं; पण त्यांची किंमत जो बाप देऊं शकतो त्याचेंच मूल बालमंदिरांत येणार. दादरच्या पांढरपेशा वस्तींत हें चालून जाण्यासारखें होतें. पालक खूष, मुलें टवटवीत, शिक्षिका पदवीधर. कोणी तक्रार केली नसती. तक्रार करणारें मूल मुळीं तेथवर पोंचलेंच नव्हतें.

माझ्या मतें ताराबाईंचें थोरपण या ठिकाणीं आहे. जें मूल आपल्या दारांत आलें आहे त्याच्या आनंदावर त्या संतुष्ट राहिल्या नाहींत. जें आलेलें नाहीं त्याची अनुपस्थिति त्यांनीं हजेरीपटांत वाचली. १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, मुंबई सोडून त्या बोर्डीस गेल्या.

बोर्डी हें डहाणू तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. तेव्हां ठाणें जिल्ह्यांत, २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत. चिकूच्या वाड्या, पारशी बंगले, आणि आंत डोंगराच्या बाजूस वारल्यांचे पाडे. त्या पाड्यांतील स्थिति काय वर्णावी! लग्नासाठीं सावकाराकडून थोडे पैसे घेतले कीं नवरा-बायको दोघेही त्याच्या घरीं वर्षानुवर्षें राबत. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. याच १९४५ सालीं वेठीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांचीं नांवें सर्वतोमुखीं झालीं. बोर्डीस आचार्य भिसे यांची शाळा पूर्वींपासून होती. बाळासाहेब खेरांसारख्या मंडळींच्या पुढाकारानें निघालेलें आदिवासी सेवा मंडळ या भागांत काम करीत होतें. (बाळासाहेबांचा जन्म रत्नागिरीचा, १८८८ सालचा, आमच्या गांवास त्याची आठवण फारशी राहिलेली दिसत नाहीं.) महात्माजींनींही याच सुमारास आपली नयी तालीम सातव्या वर्षाच्या अलीकडे, पाळण्यापर्यंत नेली होती. म्हणजे वारा अनुकूल होता; पण वाऱ्यानें शाळा चालत नाहीं.

ताराबाईंनीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र उघडलें, तेव्हां त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई मोरगांवच्या, जन्म १९१० चा. बालपणींच विवाह आणि बालपणींच वैधव्य. नंतर शिक्षिकेचा पेशा. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरांत दोघींची गांठ पडली. एक त्रेपन्न वर्षांची, एक पस्तीस वर्षांची. एकीचा संसार मोडलेला, एकीचा मांडण्यापूर्वींच संपलेला. दोघींनीं मिळून जो नवा प्रपंच थाटला, त्यांतील पहिली कामें म्हणजे मुलांस आंघोळ घालणें, केस विंचरणें, नखें कापणें, खरजेस औषध लावणें. शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथांत हा पहिला धडा म्हणून दिलेला नाहीं. परंतु ज्या मुलाच्या अंगास कोणी मायेनें हात लावला नाहीं, त्याच्या मनास हात कसा लावणार?

मग अडचण उभी राहिली ती हजेरीची. आईबाप पहाटे मजुरीस जात. घरीं राहणारें सहा वर्षांचें पोर दीड वर्षाच्या भावंडास कडेवर घेऊन हिंडे. अंगावर वस्त्र नाहीं, पोटांत अन्न नाहीं. अशा स्थितींत तें दूरच्या बालवाडींत वेळेवर येईल अशी अपेक्षा कशी धरावी? सामान्य चालक अशा वेळीं ‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नाहीं’ असा शेरा अहवालांत लिहून मोकळा होतो. ताराबाईंनीं शेरा लिहिला नाहीं. त्यांनीं शाळा उचलून पाड्यांत नेली. एखाद्या झोपडीपुढचें सारवलेलें अंगण हाच वर्ग. शिक्षिका तेथें जाऊन बसे. भोंवतालचीं मुलें, कडेवरच्या भावंडांसकट, हळूहळू जमत. उंबऱ्यावर बसलेल्या म्हातारीस सारें दिसे, त्यामुळें परकेपणाचा धाक नाहीं. मोजावयास चिंचोके व खडे, रंग ओळखावयास पानें-फुलें, आकार ओळखावयास शिंपले, रचावयास काटक्या, घडवावयास माती. गाणीं त्यांचींच, नाचही त्यांचाच. यास त्यांनीं नांव दिलें ‘अंगणवाडी’. आज आसेतुहिमाचल सर्व भाषांतून उच्चारला जाणारा हा शब्द मराठी आहे, आणि तो डहाणूच्या पाड्यांतून निघाला, हें आपल्या मुलांस सांगण्याजोगें आहे.

१९५७ सालीं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था तेथें होती. ताराबाई तेव्हां पासष्ट वर्षांच्या. या वयांत माणसें आपापल्या चरित्राच्या टिपणांस लागतात. कोसबाडास पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. यांतील खुबी ध्यानांत घ्यावी. कडेवरचें भावंड पाळणाघरांत ठेवलें म्हणजे थोरली बहीण शाळेंत बसूं शकते. एका पाळण्यानें दोन मुलांचें शिक्षण सुटतें. गुरें राखणारीं पोरें तरीही येईनात, तेव्हां गुरें चरतात त्या कुरणांतच शिक्षक गेला; ती ‘कुरणशाळा’. प्रत्येक वेळीं प्रश्न एकच : आज कोण आलें नाहीं, आणि कां? आणि प्रत्येक वेळीं उत्तर शोधतांना मूल जागचें हलविलें नाहीं, संस्था हलविली. भावनगराहून दादर, दादरहून बोर्डी, बोर्डीहून कोसबाड, कोसबाडाहून पाडा आणि पाड्याहून कुरण : हा प्रवास सोईकडून गैरसोईकडे जाणारा आहे. बहुतेक संस्थांचा नकाशा याच्या उलट दिशेनें काढावा लागतो.

सरकारनें १९६२ सालीं त्यांस पद्मभूषण दिलें. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या निवर्तल्या.

थोर माणूस गेल्यावर संस्थेंत जें होतें तें आपण अनेकदां पाहिलें आहे. दोन तट पडतात, कोर्टाच्या पायऱ्या झिजतात, पुण्यतिथि मात्र नेमानें होते. कोसबाडास तसें कां झालें नाहीं? कारण उत्तराधिकार मृत्युपत्रानें दिलेला नव्हता. अठ्ठावीस वर्षें सोबत घासून तो तयार झाला होता. अनुताई बोर्डीस आल्या त्या पदवी मिळवून नव्हे. काम करतां करतां त्या शिकत गेल्या. मुलांस आंघोळ घालण्यापासून शिक्षिका घडविण्यापर्यंत कोणतें काम त्यांनीं केलें नव्हतें असें नव्हतें. ताराबाईंची पायवाट त्यांनीं सोडली नाहीं, पण तिच्यावरच थांबल्याही नाहींत. बहिऱ्या-मुक्या मुलांकडे त्यांचें लक्ष गेलें, स्त्रियांच्या जागृतीचें काम त्यांनीं उभें केलें. आणि १९८२ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, प्राध्यापक रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था काढली. १९८५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. १९९२ सालीं त्या गेल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हें त्यांचें आत्मकथन ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें. सत्तेचाळीस वर्षें एका कामांत घालविलेल्या माणसाच्या लेखणींत जो निगर्वीपणा येतो, तो तेथें पानोपानीं आहे.

या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर ही नुसती आरती होईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेंच नांव दिलें. ताराबाई दोन वर्षांपूर्वींच गेल्या होत्या. तेहतीस ठिकाणीं सुरू झालेली ही योजना आज तेरा-चौदा लाख केंद्रांपर्यंत पोंचली आहे. कोणत्याही खासगी संस्थेस हें साधलें नसतें, आणि त्या केंद्रांनीं पुष्कळ बालकांचे जीव वांचविले यांत शंका नाहीं. पण योजनेंतील सहा सेवांपैकीं पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, मोठ्या दवाखान्याकडे पाठवणी आणि मातांस आहारशिक्षण या पांच शरीराच्या आहेत. मनाची अशी एकच, शाळापूर्व शिक्षण. आणि सेविकेचा हात वहीवरून, २०२१ पासून मोबाइलांतील पोषण ट्रॅकरवरून, निघेपर्यंत मुलांची घरीं जाण्याची वेळ होते. वजन मोजतां येतें, खिचडी मोजतां येते; भीति गेली कीं नाहीं हें कोणत्या रकान्यांत लिहावें? उपाशी मुलास खाऊं घालणें आधीं, हें मलाही मान्य आहे. परंतु खाऊं घालणाऱ्या हाताची माया हीही पोषणाचाच भाग आहे, हें कोसबाडचें मूळ सूत्र योजनेच्या कागदांतून निसटलें असें वाटतें. त्या सेविकेस अजून वेतन नाहीं, ‘मानधन’ आहे. डिसेंबर २०२३ मध्यें राज्यांतील सेविकांनीं दीर्घ संप केला तेव्हां मानधनवाढ ही त्यांची एक मुख्य मागणी होती. वर्तमानपत्रांत त्या बातमीस आंतल्या पानावर जागा मिळे.

आणि आपल्या वर्गाचें काय? आपलीं नातवंडें अंगणवाडींत जात नाहींत. रत्नागिरीसारख्या गांवींही तीन वर्षांच्या मुलाची ‘मुलाखत’ घेणाऱ्या शाळा निघाल्या आहेत. मुलाखतीच्या आधीं महिनाभर आई त्यास रंगांचीं इंग्रजी नांवें घोकविते. प्रसंगीं मूल दारांतच रडूं लागतें आणि आई परतीच्या वाटेवर त्याच्याशीं अबोला धरते. चौथ्या वर्षीं चार रेघी वही, पांचव्या वर्षीं गृहपाठ, सहाव्या वर्षीं शिकवणी. शिवाय २०२० च्या धोरणानें तीन ते आठ हीं पांच वर्षें एक पायाभूत टप्पा मानून तेथें खेळ, गोष्टी व कृति यांवर भर देण्यास सांगितलें आहे. कागद उत्तम आहे. मात्र चालक मंडळी तो कागद बाजूस ठेवून पालकांच्या तोंडाकडे पाहतात, कारण शुल्क पालक देतात. आणि पालकांस वहीचीं भरलेलीं पानें पाहिजे असतात. येथेंच नेतृत्वाची गरज आहे. पालकांची मागणी पुरविणें हा व्यापार झाला. ‘सहा वर्षांपर्यंत आम्ही लिहावयास लावणार नाहीं, आपणांस पटत नसेल तर दुसरी शाळा पाहावी’ असें हंसतमुखानें सांगून, मग त्याच पालकांस चार वेळां बोलावून तें समजावून देणें, हें चालकाचें काम. भावनगरच्या मंडळींनीं मुलांच्या शाळेबरोबर आईबापांसाठीं मासिक काढलें तें याचसाठीं.

कमिटीवर असलेल्या, किंवा बसूं इच्छिणाऱ्या, वाचकांस एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. भेटीस जाल तेव्हां मुख्य बाईंच्या खोलींत चहा घेऊन परतूं नये. वर्गांत जावें, खुर्ची मागूं नये, भिंतीशीं जमिनीवर अर्धा तास बसावें आणि कांहीं विचारूं नये. मुलें आपणहून जवळ येतात कीं बाईंच्या डोळ्यांकडे पाहून थबकतात, हें पंधरा मिनिटांत कळतें. पडलेलें पाणी मूल स्वतः पुसतें कीं लपवूं पाहतें, हेंही कळतें. मग हजेरीपट मागवावा आणि सतत गैरहजर असणाऱ्या दोन मुलांच्या घरीं, बाईंस बरोबर घेऊन, जाऊन यावें. एवढें झाल्यावर जमाखर्चास हात घालावा.

दुसरी गोष्ट कमिटीच्या रचनेची. माझ्या माहितींतील बहुतेक शिशुसंस्थांच्या कार्यकारी मंडळांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, दोन व्यापारी आहेत, एखादा माझ्यासारखा निवृत्त शिक्षकही आहे. रोज तीन तास मुलांबरोबर जमिनीवर बसणारी बाई मात्र त्यांत नाहीं. सभेच्या दिवशीं ती शेजारच्या खोलींत चहाच्या कपांची मोजदाद करीत असते. कोसबाडास अठ्ठावीस वर्षें अशीच एक बाई मुलांबरोबर जमिनीवर बसली, आणि संस्थेची धुरा तिच्याकडे आली. घटनेंत एक ओळ बदलून शिक्षिकांच्या प्रतिनिधीस मतासह जागा देतां येते. त्यास धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत एक अर्ज करावा लागतो, आणि थोडे हेलपाटे.